काळ्या रानातल्या चिखलासाठी जड गाडीला कोणते टायर घ्यावेत?

प्रश्न : माझ्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) जीपचे वजन सामानासह अडीच टन भरते. आठवड्यातले पाच दिवस ती सांगली-इस्लामपूर डांबरी रस्त्यावर धावते, परंतु पावसाळ्यात कृष्णाकाठच्या उसाच्या रानात न्यावी लागते आणि तिथे काळी माती टायरच्या खाचांत अशी घट्ट बसते की चाक जागीच फिरत राहते. मड टायर (खास चिखलासाठीचे) घ्यावेत की ऑल-टेरेन (रस्ता आणि रान दोन्हींसाठीचे)?

उत्तर १ : आपल्याकडची काळी माती चिकट असल्यामुळे नुसती खाचांची खोली पुरेशी नसते, चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जावा इतक्या त्या रुंदही हव्यात, आणि तशा खाचा मड टायरमध्येच मिळतात. मात्र ओल्या डांबरावर हेच टायर ब्रेक लावल्यावर उशिरा थांबतात आणि आवाजही बराच करतात. पाच दिवस डांबरावर जाणार असतील, तर मी ऑल-टेरेनच घेईन.

उत्तर २ : सहमत आहे. पाटणकडच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर माझ्या टायरची बाजू दोनदा फाटली, म्हणून बाजूची भिंत जाड असलेलेच टायर पाहावेत, असे मी कळकळीने सांगेन. भार-निर्देशांकही (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा) तपासावा : ११२ म्हणजे प्रत्येक टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो. चारही टायर एकाच मापाचे असावेत, अन्यथा फोर-बाय-फोरच्या गिअरवर ताण येतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. रानात हवा थोडी कमी करावी का?

उत्तर २ : अवश्य करावी, कारण टायर पसरून पकड वाढते, पण डांबरावर येताच ती पुन्हा भरावी.