दार डाव्या हाताने उघडा

सेक्रेटरी, ए-१०१: सर्व सभासदांना नमस्कार. काल संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या गेटशेजारी उभ्या असलेल्या एका कारचं दार अचानक उघडलं आणि सी विंगमध्ये कामाला येणाऱ्या मावशी सायकलवरून पडल्या. कोपराला टाके पडलेत, खांद्याला मुका मार आहे. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. कार पाहुण्यांची होती, दवाखान्याचा खर्च त्यांनी दिला. गेटच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावू नका ही विनंती याआधीही केली होती. आता तो नियम समजावा.

ए-७०३: वाईट झालं. मावशींना लवकर बरं वाटो. पण एक बोलतो, राग मानू नका. मी रोज सातारा रोडने गाडी चालवतो. सायकलवाले उलट्या बाजूने येतात, लाल सिग्नलला थांबत नाहीत, अंधारात ना लाइट ना रिफ्लेक्टर. ऐनवेळी ब्रेक आम्ही मारायचा आणि काही झालं की चूक मोठ्या गाडीची. यावरही बोललं गेलं पाहिजे.

सी-४०१: सहमत काका. आणि भर रस्त्यात मधून चालवतात, हॉर्न दिला तरी बाजूला होत नाहीत.

बी-६०४: काका, उलट बाजू आणि लाइट याबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर बोलूच. पण कालची गोष्ट त्यात मिसळू नका. मावशी त्यांच्या बाजूने, सरळ, सावकाश येत होत्या. त्यांनी कुठलाही नियम मोडला नाही.

मी स्वारगेटपर्यंत सायकलने जाते, म्हणून सांगते. डाव्या कडेला आम्हाला काय काय मिळतं बघा. उभ्या कारची रांग, खाली गेलेली किंवा वर आलेली चेंबरची झाकणं, सवारी दिसली की गचकन थांबणारी रिक्षा, पावसाळ्यात खड्डा झाकणारं पाणी. कारचं दार पूर्ण उघडलं की जवळपास मीटरभर रस्ता खातं. त्या दाराच्या टप्प्याबाहेर राहायचं तर सायकल कडेपासून तेवढी उजवीकडेच चालवावी लागते. मागच्याला वाटतं ही मुद्दाम अडवतेय. मी माझी मान आणि गुडघे वाचवत असते.

४०१, सायकलवाला हॉर्न ऐकून हलत नाही कारण हलायला जागाच नसते. आणि अगदी जवळ येऊन जोरात हॉर्न मारला की माणूस दचकतो, हँडल हलतं आणि सायकल नेमकी तुमच्याच बाजूला कलते.

सी-४०१: मग सायकल ट्रॅक कशाला केलाय? सातारा रोडला तर चांगला लाल रंग दिलेला ट्रॅक आहे. तो वापरायचा नाही आणि गाड्यांमध्ये घुसायचं, हे पटत नाही.

बी-६०४: एकदा पद्मावतीपासून केके मार्केटपर्यंत त्या ट्रॅकवरून चालत जा, सायकलही नको. २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, आली तेव्हापासून या रस्त्याच्या कडेला सायकल ट्रॅक आहेत. आज त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात, मध्येच विजेचा डीपी येतो, हातगाडी असते, प्रत्येक सोसायटीच्या गेटला ट्रॅक खाली उतरून पुन्हा वर चढतो. गर्दीच्या वेळी स्कूटर त्यावरूनच पळतात. २०१७ मध्ये महापालिकेने पुण्याचा सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं होतं. कागदावर हे शहर सायकलवाल्यांसाठी फार चांगलं आहे. रस्त्यावर शंभर मीटर सलग, मोकळा ट्रॅक मिळाला तर मी आनंदाने त्यावरून जाईन, गाड्यांमध्ये घुसायची हौस कोणाला आहे?

बी-३०२: माझा मुलगा आठवीत आहे. वर्षभर मागे लागलाय, शाळेत सायकलने जाऊ दे म्हणून. मी नाही म्हणते आणि मलाच वाईट वाटतं. आम्ही मैत्रिणी टिळक रोडवरून तिघी-तिघी सायकलने कॉलेजला जायचो, गप्पा मारत. सायकल स्टँडवर जागा मिळायची मारामार. सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ओळख होती, आता सायकली बघायला कर्वेनगरच्या संग्रहालयात न्यावं लागतं मुलांना. दोन गल्ल्यांवरची शाळा आणि मी त्याला कारने सोडते. म्हणजे त्या शाळेपुढच्या गर्दीत एक कार माझीपण.

सी-१०२: सगळ्यांना नमस्कार. मी पुण्याच्या बससेवेत, पीएमटीत लागलो, २००७ ला पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी एक झाली, मग पीएमपीएमएलमधून निवृत्त झालो. चालक होतो. एरवी मी ग्रुपवर लिहीत नाही, पण या विषयावर लिहितो.

सायकलवाल्यांना पहिलं सांगणं. सिग्नलला बस उभी असेल तर तिच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नका. चालक उजवीकडे बसलेला असतो. डाव्या दारापाशी, पुढच्या चाकाच्या बाजूला कोण आहे हे त्याला नीट दिसत नाही. आरसा आहे, पण आरशात सगळं मावत नाही. बस डावीकडे वळताना पुढची चाकं बाहेरून जातात आणि मागची चाकं आतून कापतात. बारा मीटरची गाडी असते. सायकलवाल्याला वाटतं बसचं तोंड पुढे गेलं, आपण सुटलो, आणि मागचं चाक कडेला घासत येतं. असा माणूस चिरडलेला मी पाहिलाय. माझ्या गाडीखाली नाही, पण माझ्या पुढच्या गाडीखाली. त्यानंतर डावीकडे वळण आलं की मी कंडक्टरला दारातून खाली बघायला लावायचो, उशीर झाला तरी चालेल.

आता कारवाल्यांना. बस स्टॉपला डावीकडे येते तेव्हा सायकलवाल्याला तिला वळसा घालून उजवीकडे यावंच लागतं. तो तुमच्या पुढ्यात मुद्दाम आलेला नसतो. बस स्टॉपकडे वळताना दिसली की समजून जायचं, आता मागून एखादी सायकल बाहेर निघणार. तेव्हाच पाय ॲक्सिलरेटरवरून काढा.

ए-७०३: मामा, हे तुम्ही फार महत्त्वाचं सांगितलंत. बसच्या मागे सायकल बाहेर निघते तेव्हाच माझी चिडचिड होते, खरं आहे. पण अंतर किती सोडायचं? दीड मीटर वगैरे वाचतो मी. आपल्या रस्त्यांवर दीड मीटर सोडायचं तर माझी गाडी दुभाजकावर चढेल.

बी-६०४: काका, जर्मनीत सायकलला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये शहरात एक, बाहेर दीड. त्यांच्याकडेही जुन्या गावांतल्या गल्ल्या अरुंद आहेत. तिथे गाडीवाला काय करतो, तर ओलांडतच नाही. मागे थांबतो. एवढंच मागणं आहे. जागा असेल तर मोकळी जागा सोडून जा, नसेल तर पुढचा रुंद भाग येईपर्यंत सायकलच्या वेगाने मागे या. पद्मावतीच्या सिग्नलला मला घासून पुढे गेलेली कार पुढच्या सिग्नलला माझ्या शेजारीच उभी असते, हे तर रोजचं आहे.

आणि वेगाचं गणित सरळ आहे. वेग तीसचा साठ झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. कारमध्ये तुमच्याभोवती पत्रा आहे, सीटबेल्ट आहे, एअरबॅग आहे. मावशींच्या अंगावर साडी होती. म्हणून जास्त काळजी गाडीवाल्याने घ्यावी असं मी म्हणते. यात कोण चांगला कोण वाईट हा प्रश्नच येत नाही. ज्याच्यामुळे जास्त लागू शकतं त्याने आधी बघायचं.

ए-७०३: पटतंय. पण उलट बाजूचं काय? आपला रात्रीचा वॉचमनच रोज उलटा येतो.

बी-६०४: ते चूक आहे, आणि सगळ्यात जास्त धोका त्यालाच आहे. आपण गेटमधून गाडी बाहेर काढताना फक्त उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडून येतात. तो डावीकडून आलेला असतो. शिवाय समोरून येणाऱ्या गाडीचा आणि त्याचा वेग एकत्र होतो, सावरायला वेळ उरत नाही. पण तो तसा का येतो तेही बघा. दुभाजकात वळायला जागा आहे ती लांब. बारा तासांच्या ड्यूटीला येणारा माणूस तेवढा वळसा टाळतो. मी त्याच्याशी बोलते, पलीकडे उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून आणायला सांगते.

आणि काका, त्याच पट्ट्यात उलटे येणाऱ्या स्कूटर मोजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून उलट दिशेने वाहन चालवणं धोकादायक वाहन चालवण्यातच मोडतं. लाल सिग्नल तोडणं आणि हातात मोबाइल धरून चालवणंही त्याच कलमात. आपल्या पार्किंगमधल्या किती दुचाक्या दूध आणायला उलट्या जातात ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-२०१: काल मावशींना दवाखान्यात मी नेलं. तिथे जमलेले दोघे-तिघे म्हणत होते, नेऊ नका, पोलीस केस होईल, अडकाल. म्हणून सांगतो, असं काही होत नाही. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. कायद्यात आता १३४-अ हे कलमच आहे त्यासाठी. पुढच्या वेळी कोणी असं म्हणालं तर ऐकू नका, उचला आणि न्या.

बी-३०२: फार चांगलं केलंत दादा.

बी-५०३: दाराबद्दल कोणीतरी नीट सांगा ना. मागे बघून उघडायचं हे कळतं, पण सवय कशी लावायची? मुलं तर गाडी थांबायच्या आत दार उघडतात.

बी-६०४: ताई, एक साधी सवय आहे, नेदरलँड्समधल्या सवयीवरून तिला डच रीच म्हणतात. उजव्या बाजूला बसलेल्या माणसाने दार डाव्या हाताने उघडायचं. म्हणजे दारापासून लांबच्या हाताने. हात आडवा गेला की खांदा आणि मान आपोआप वळते, आधी आरसा दिसतो आणि मग मागचा रस्ता. उजव्या हाताने उघडलं तर मान समोरच राहते. मागच्या सीटवरच्यांनीही तसंच करायचं. डाव्या बाजूला बसलेल्यांनी उजव्या हाताने, कारण गाडी कडेपासून लांब उभी असेल तर मधल्या फटीतूनही सायकल येते. आधी दोन बोटं दार उघडून थांबायचं, मग पूर्ण. कॅबमधून शक्यतो फुटपाथच्याच बाजूने उतरा. आणि मुलांच्या बाजूचं चाइल्ड लॉक लावून ठेवा, दार मोठ्यांनी बाहेरून उघडायचं.

बी-५०३: आत्ता पार्किंगमध्ये जाऊन करून पाहिलं. मान खरंच वळते. मुलांना आज संध्याकाळीच शिकवते.

सेक्रेटरी, ए-१०१: चांगली चर्चा झाली. उद्यापासून गेटच्या दोन्ही बाजूंना ट्रॅफिक कोन ठेवतो, तिथे एकही गाडी उभी राहणार नाही, पाहुण्यांचीसुद्धा. गेटला बहिर्गोल आरसा लावायचा प्रस्ताव रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. पाहुण्यांच्या गाडीची नोंद करताना वॉचमन दाराबद्दल सांगेल.

सी-४०१: आपल्याकडे कामाला येणाऱ्या किती जणी आणि किती जण सायकलने येतात? सगळ्यांच्या सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे लाइट सोसायटीने लावून द्यावेत असं सुचवतो.

ए-७०३: अनुमोदन. लाइटचा खर्च मी देतो, सोसायटीच्या खात्यातून नको.

बी-३०२: अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टाके निघेपर्यंत मावशी येऊ शकणार नाहीत. त्या सी विंगमध्ये चार घरी जातात. कोणीही या दिवसांचा पगार कापू नका.

सी-२०१: आमच्याकडून नाही कापणार.

सी-१०२: आमच्याकडूनही नाही. घरचीने सांगितलंय.

सी-४०१: आमच्याकडूनही पूर्ण पगार.

सी-३०३: आमचाही पूर्ण. त्यांची सायकल अजून गेटपाशीच पडून आहे, पुढचं चाक वाकलंय.

सी-१०२: सकाळीच घेऊन गेलो पद्मावतीच्या सायकल दुकानात. तो म्हणतो रिम सरळ होणार नाही, बदलावी लागेल. ब्रेकचे गुटकेही झिजलेत.

ए-७०३: मामा, रिम, गुटके सगळं नवीन टाकायला सांगा, पैसे मी पाठवतो. आणि तिथेच असाल तर पुढचा लाइट आणि मागचा रिफ्लेक्टर आजच बसवून घ्या.