संकेतस्थळं तपासायची यादी मुलांच्या हाती देणं बंद करा

पाटीखडू: प्रकल्पासाठी नेटवरून माहिती काढताना मुलांना एक यादी दिली जाते: लेखक कोण, तारीख कधीची, संदर्भ आहेत का, पत्ता डॉट कॉम की डॉट ऑर्ग. ही यादी मोडीत काढावी असं माझं ठाम मत आहे. डॉट ऑर्ग कुणीही पैसे भरून घेऊ शकतं. ‘आमच्याविषयी’ हे पान तर मालकच लिहितो! स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 10 इतिहासतज्ज्ञ, 10 तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थी साइट कशा पारखतात ते पाहिलं. त्यांना दोन संस्थांच्या साइट दाखवल्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही 1930 पासूनची बालरोगतज्ज्ञांची मोठी संस्था. अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स हा 2002 मध्ये तिच्यातून फुटलेला छोटा गट. अर्ध्याहून जास्त विद्यार्थ्यांना हा गटच जास्त भरवशाचा वाटला, कारण ते त्याच पानाची मांडणी न्याहाळत बसले. तपासनिसांनी लगेच दुसरा टॅब उघडून ‘हे लोक कोण?’ ते शोधलं. मुलांना हेच शिकवा, पान सोडायला.

रेघोटी: अजिबात पटलं नाही. पान सोडून मूल जाणार कुठे? सर्चमध्ये, आणि सगळ्यात वर दिसेल त्यावर टिचकी मारणार. तिथं जाहिरात कुठली नि निकाल कुठला हे मोठ्यांनाही कळत नाही. तुमचे तपासनीस रोज तेच काम करणारे, त्यांच्या डोक्यात आधीच शंभर नावं असतात. मुलाच्या डोक्यात काय आहे? यादीमुळे ते निदान थबकतं.

पाटीखडू: थबकून चुकीच्याच ठिकाणी बघतं, दुखणं तेच आहे. सर्चचे निकाल वाचणंही शिकवावं लागेल, मान्य. उघडण्याआधी आठ-दहा निकालांवरून नजर फिरवायची, हे वर्गात करून दाखवता येतं.

कपाटाची किल्ली: तुम्ही दोघंही ‘कोण बोलतंय’ यातच अडकलात. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडू पाहणारा वेकफिल्ड यांचा निबंध 1998 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पूर्णपणे मागे घेतला गेला तो 2010 मध्ये. नियतकालिक नामांकित, लेखक डॉक्टर, संदर्भ व्यवस्थित: यादीत पैकीच्या पैकी. दुसऱ्या टॅबमध्ये नियतकालिकाची चौकशी केली तरी उत्तर ‘उत्तम’ हेच. पण अभ्यास 12 मुलांवरचा होता, आणि ते निबंधातच लिहिलेलं होतं! एवढ्यावरून एवढा मोठा निष्कर्ष निघतो का, हे विचारायला विज्ञान शिकलेलं असावं लागतं. विषय येत नसेल तर साइट पारखता येत नाही.

रेघोटी: सातवीतल्या मुलाकडून ही अपेक्षा?

कपाटाची किल्ली: ‘किती जणांवर पाहिलं?’ एवढं तर सातवीतलं मूल नक्की विचारू शकतं.

पाटीखडू: हे पटलं. पण आज तोच निबंध समोर आला, तर तो मागे घेतलाय हे दुसऱ्या टॅबमध्येच कळेल. मी तर म्हणेन, कुठल्या साइट नाकारल्या आणि का, यालाही प्रकल्पात गुण ठेवा.

रेघोटी: गुण ठेवलेत की मुलं कारणंही एकमेकांची उतरवतील. त्यापेक्षा तोंडी विचारा.