'मूळ संख्येचे आदिमूळ': दोन मुळांचा गुंता

बिंदूचौक: कोल्हापुरातल्या बीएस्सीच्या पोरांसाठी यदृच्छ (रँडम) संख्यांवर मराठी टिपण चाललंय, मसुदा जोडलाय. घोडं एका वाक्यापाशी अडलंय. २१४७४८३६४७ (२ चा ३१ वा घात वजा १) ही मूळ संख्या. ७ चे घात करत जा, दर वेळी तिने भागून बाकी घ्या. १ ते २१४७४८३६४६ मधली प्रत्येक बाकी एकदा येऊन गेल्यावरच फेरा पुन्हा सुरू होतो. अशा ७ ला काय म्हणायचं? 'मूळ संख्येचे आदिमूळ' लिहिलं, तर तपासणारे म्हणतात 'मूळ' काढा, 'अविभाज्य' करा.

अंकखोर: अविभाज्य कशी? १ ने आणि स्वतःने भाग जातोच की. आणि मग सहमूळला 'सहअविभाज्य', जोडमूळला 'जोडअविभाज्य' म्हणणार का?

पंचगंगा: 'मूळ' हाच गुन्हेगार. समीकरणाची मुळं, वर्गमूळ, वर 'मूळ संख्येला ३ ने गुणा' म्हणजे आधीच्या संख्येला! जुना शब्द घ्या: दृढ. भास्कराचार्यांच्या कुट्टकात, म्हणजे पूर्णांकी उत्तरं काढायच्या रीतीत, आहे.

अंकखोर: अहो, तिथं सामाईक भाजक काढून टाकल्यावर उरलेले भाज्य आणि हार (भाजक) दृढ. २१ आणि १० ही जोडी दृढ, पण दोन्हींतली एकही मूळ नाही. घ्यायचाच तर सहमूळसाठी घ्या.

तालीमवाला: आधी गणित बघा, शब्द मागनं. संख्येतून १ वजा करून अवयव पाडा: २×३×३×७×११×३१×१५१×३३१. वेगळे अवयव सात. प्रत्येकाने २१४७४८३६४६ ला भागा आणि जो आकडा येईल तेवढा ७ चा घात करून बाकी बघा. सातांपैकी एकदाही १ आली नाही, म्हणजे ७ आदिमूळ. २ ला हे जमत नाही, ३१ व्या घातालाच १ येते. ७ सारख्या जमणाऱ्या संख्या एकूण ५३ कोटी ४६ लाख आहेत.

प्रोग्रॅममध्ये ७ चा पाचवा घात, १६८०७, वापरतात: चालू संख्येला त्याने गुणायचं, २१४७४८३६४७ ने भागून उरलेली बाकी ही पुढची संख्या. ५ आणि २१४७४८३६४६ सहमूळ, म्हणून तोही चालतो. पण गुणाकार ३२ बिटांत मावत नाही. म्हणून चालू संख्येला १२७७७३ ने भागा. बाकी गुणिले १६८०७, त्यातून भागाकार गुणिले २८३६ वजा. उत्तर ऋण आलं तर २१४७४८३६४७ मिळवा. बीज, म्हणजे सुरुवातीची संख्या, ० दिलं की मात्र जन्मभर ०.

पंचगंगा: बीज, मूळ... सगळी शेतीच की! मग ७ ला 'जनक' म्हणा.

बिंदूचौक: संख्या तयार करणाऱ्या प्रोग्रॅमलाच टिपणात जनक म्हटलंय.

अंकखोर: २१४७४८३६४७ मूळ असल्याचं गणिती ऑयलरने दाखवलं, ते १७७२ मध्ये छापून आलं. तिचा भाजक असलाच तर २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणारा. ४६३४० पर्यंत असे पावणेचारशेच्या आत. टिपणात हे हवं.

पंचगंगा: घाला. पण 'आदिमूळ'चं अनेकवचन करून बघा: '७, १६८०७ आदिमुळे'. वाचणारा 'आदींमुळे' वाचणार.

अंकखोर: मग 'आदिमुळं' लिहा.

पंचगंगा: छापील टिपणात बोलीतला अनुस्वार? मग उद्या 'संख्येचं'ही येईल.

अंकखोर: येऊ दे की. पोरं तसंच बोलतात.

तालीमवाला: अनुस्वाराचं तुम्ही बघा. मसुद्यात पान ३ वर १२७७७३ च्या जागी १२७७३७ पडलंय, ते आधी दुरुस्त करा.