एफ-४ करंट होण्याआधीच मुलीला २१ पूर्ण झाली, तिचं नाव फाइलमध्ये राहतं का?

सातपूरकर

मुलांच्या मामाने (अमेरिकन नागरिक) माझ्या पत्नीसाठी एफ-४ (नागरिकाच्या भावंडांचा वर्ग) मध्ये आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) भरला आहे. प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) १२ मार्च २००७, मंजुरी २० ऑगस्ट २०१०. मुलीचा जन्म ५ जून २००३चा, मुलाचा १९ सप्टेंबर २००८चा. मुलीला २०२४ मध्ये २१ पूर्ण झाली. इथला एजंट म्हणतो, "ती आता बसत नाही, तिघांचंच बघा." पण सीएसपीए नावाच्या कायद्यात वयातून काही दिवस वजा होतात, असंही कानावर आलंय. हा हिशेब नेमका कसा करायचा? फाइल करंट होईपर्यंत (व्हिसाची पाळी येईपर्यंत) आपल्या हातात काय आहे? आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालंय, त्याने काही बिघडेल का?

एडिसनकर

तिचं नाव काढायचं नाही. एजंटने जन्मतारखेत २१ मिळवले आणि तिथेच थांबला. असं थांबल्यामुळे चांगल्या केसेस हातच्या जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट (सीएसपीए) ६ ऑगस्ट २००२ पासून लागू आहे. फॅमिली प्रेफरन्सच्या केसमध्ये मुलाचं कायदेशीर वय असं काढतात: व्हिसा नंबर उपलब्ध झाला त्या दिवशीचं खरं वय, वजा आय-१३० जितके दिवस निर्णयाविना पडून होता ते दिवस. उत्तर २१ च्या आत आलं पाहिजे आणि मूल अविवाहित पाहिजे.

तुमचे पडून राहिलेले दिवस मोजू. १२ मार्च २००७ ते १२ मार्च २०१० हे १०९६ दिवस (२००८ लीप वर्ष होतं). पुढे २० ऑगस्ट २०१० पर्यंत १६१. एकूण १२५७. हे दिवस आता कायमचे तुमचे, त्यात कमीजास्त होणार नाही. मधे यूएससीआयएसने (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने) जादा कागद मागवले असतील तर तो काळही यातच धरतात. अर्ज लवकर मंजूर झाला नाही म्हणून त्या वेळी घरात सगळे वैतागले असतील, पण तुमच्या मुलीला आज तीच दिरंगाई उपयोगी पडते आहे. हाच अर्ज सहा महिन्यांत मंजूर झाला असता, तर एजंटचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मुलीला ५ जून २०२४ ला २१ पूर्ण झाली. त्यापुढे १२५७ दिवस मोजले की १४ नोव्हेंबर २०२७ येतो. त्या दिवशी तिचं सीएसपीए वय बरोबर २१ होईल, म्हणजे संपलं. व्हिसा बुलेटिनची (कोणत्या तारखेपर्यंतची रांग आली हे सांगणाऱ्या मासिक सरकारी पत्रकाची) तारीख महिन्याच्या १ तारखेपासून लागू होते, त्यामुळे तिच्यासाठी शेवटचं बुलेटिन नोव्हेंबर २०२७ चं. त्या किंवा त्याआधीच्या बुलेटिनमध्ये भारताच्या एफ-४ रकान्यात १२ मार्च २००७ च्या *पुढची* तारीख यायला हवी. नेमकी १२ मार्च छापून आली तर चालत नाही, किमान १३ मार्च लागते.

मुलाची मर्यादा याच हिशेबाने फेब्रुवारी २०३३ पर्यंत जाते, त्याची काळजी नको.

२०२५ च्या सगळ्या बुलेटिनांत भारताची एफ-४ तारीख २००६ मध्येच होती. एफ-४ ला जगभरासाठी मिळून वर्षाला ६५ हजार व्हिसे, त्यात एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे तारीख कधी महिनोन्‌महिने हलत नाही, तर कधी एकदम दोन-तीन महिने पुढे जाते. "नक्की होईल" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

पारिजात

बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात ना? "डेट्स फॉर फायलिंग"ची तारीख बरीच पुढे असते. वय त्या तक्त्यावरून गोठतं असं वाचलंय. मग यांना आणखी काही महिने मिळतील.

एडिसनकर

नाही मिळणार, आणि या गैरसमजावर विसंबून राहणं महागात पडतं. १४ फेब्रुवारी २०२३ पासून यूएससीआयएसने तो तक्ता वयासाठी धरायला सुरुवात केली होती, पण फक्त अमेरिकेत राहून आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरणाऱ्यांसाठी. मुंबईसारख्या वकिलातीत मुलाखत होणाऱ्या केसेसना "फायनल अ‍ॅक्शन डेट्स"चाच (व्हिसा प्रत्यक्ष देण्याच्या तारखांचा) तक्ता लागू होता. १५ ऑगस्ट २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना यूएससीआयएसनेही फायनल अ‍ॅक्शनच लावलाय. जुने ब्लॉग आणि व्हिडिओ अजून फिरताहेत, त्यांची तारीख बघून घ्या.

डेट्स फॉर फायलिंगचा उपयोग एवढाच की तिथे तारीख आली की एनव्हीसी (नॅशनल व्हिसा सेंटर) फी आणि फॉर्म घ्यायला लागते.

मृद्गंध

हिशेब झाला, पण नुसत्या हिशेबाने मूल वाचत नाही. कायद्यातली दुसरी अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत मुलाने *स्वतःसाठी* पाऊल उचललेलं असलं पाहिजे. भारतातून जाणाऱ्यांसाठी याचा सरळ अर्थ म्हणजे तिच्या नावाचा डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) सबमिट झालेला असणं. आईचा फॉर्म भरला म्हणजे मुलीचा झाला असं होत नाही. फी भरल्याचा पुरावाही कामी येऊ शकतो, पण तेवढ्यावर राहू नका. फॉर्म सबमिट करा, कन्फर्मेशनचं पान पीडीएफ करून ठेवा.

वर्ष आहे म्हणून वर्षभर थांबायचंही नाही. तारीख मागे सरकते, आणि अर्ज न करताच ती वर्षाच्या आत मागे गेली, तर पुन्हा करंट होईल तेव्हाचं वय धरलं जाण्याचा धोका असतो. तुमच्या मुलीकडे तेवढी सवड नाही.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली गोष्ट. मुलाचा जन्म २००८चा, म्हणजे अर्ज भरल्यानंतरचा. मूळ आय-१३० वर त्याचं नाव असणं शक्यच नाही. एनव्हीसीचं पत्र येईल तेव्हा पत्नी, तुम्ही आणि मुलगी एवढीच नावं दिसतील आणि मुलाच्या फीचं इनव्हॉइसच तयार होणार नाही. त्यासाठी एनव्हीसीच्या ऑनलाइन चौकशी फॉर्मवर केस नंबर (मुंबईचे "बीएमबी"ने सुरू होतात) देऊन त्याचा जन्मदाखला जोडा आणि नाव वाढवून घ्या. नवीन आय-१३० लागत नाही. त्याच चौकशीत मुलीबद्दलही लिहा: जन्मतारीख, प्रायॉरिटी डेट, मंजुरीची तारीख, १२५७ दिवस, सोबत मंजुरीची आय-७९७ (यूएससीआयएसचं सूचनापत्र). तिचं वय २१ च्या वर दिसल्यामुळे नाव गळलं असेल तर तिथेच उचलून धरता येतं. अंतिम निर्णय मात्र मुलाखतीच्या वेळी काउन्सुलर अधिकारीच देतो, म्हणून हेच एका पानावर छापून मुलाखतीला न्यायचं.

फी: माणशी ३२५ डॉलर, आणि अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्टचे (आर्थिक हमीपत्राचे) सगळ्या केसचे मिळून १२०. चौघांचे १४२०. पैसे अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच जातात, तेव्हा मामांना आत्ताच सांगून ठेवा. फी भरल्यावर "पेड" दिसायला काही दिवस लागतात, त्याआधी डीएस-२६० उघडत नाही. शेवटच्या आठवड्यात धावाधाव करणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

कागद आजपासून:

– आय-७९७ मंजुरीची प्रत. मामांकडे नसेल तर त्यांनी आय-८२४ भरून दुसरी मागवावी. पावतीची आय-७९७ वेगळी आणि मंजुरीची वेगळी, दोन्ही लागतात. दिवस मोजायचे ते याच दोन तारखांमधले.

– महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे जन्माची नोंद आहे, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा, कारण नोंद बारशाच्या आधीची. तो आत्ता भरून घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख वेगळी असेल तर तेही आत्ताच निस्तरा. तुमच्या केसमध्ये सगळा खेळ काही दिवसांचा आहे. तारखेबद्दल शंका आली तर वयाबद्दलही येते.

– नोंदच सापडत नसेल तर निबंधकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र, आणि जोडीला शाळेचा दाखला व नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं.

पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल आत्ता करू नका, त्यांची मुदत संपते.

सातपूरकर

मुलाच्या नावाचं आमच्या डोक्यातच नव्हतं. मनापासून आभार. लग्नाचं राहिलं. आणि नोव्हेंबर २०२७ पर्यंत तारीख आलीच नाही, तर तिला पुढे २००७ ची प्रायॉरिटी डेट मिळते का?

देवराई

लग्न केलं की ती या केसमधून बाहेर. सीएसपीए वय धरून ठेवतो, लग्नाला त्यात सूट नाही. आणि व्हिसा पासपोर्टवर लागला म्हणजे मोकळं झालो असंही नाही. अमेरिकेत प्रवेश होईपर्यंत ती अविवाहितच हवी. साखरपुडा चालतो. पण "विधी आत्ता उरकू, नोंदणी नंतर करू" हा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका. सप्तपदी झाली की हिंदू विवाह कायद्याने लग्न झालंच, नोंदणी असो वा नसो. ते लपवून व्हिसा घेतला तर ते खोटं निवेदन ठरतं आणि कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. फोटो, पत्रिका, फेसबुक, सगळं सापडतं. ग्रीन कार्डवर पोचल्यावर लग्न करून ती नवऱ्यासाठी एफ-२ए (ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराचा आणि २१ च्या आतल्या मुलांचा वर्ग) भरू शकते. तिथेही थांबावं लागतं, पण तो रस्ता सरळ आहे. स्थळाच्या घरी हे सगळं आधीच मोकळेपणाने सांगा.

प्रायॉरिटी डेटचं उत्तर "नाही" असं आहे. कायद्यात जुनी तारीख टिकवण्याचं कलम आहे खरं, आणि त्यावर बरीच वर्षं वाद चालला. ९ जून २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शियालाब्बा विरुद्ध क्वेयार दे ओसोरियो खटल्यात निकाल दिला की ज्या मुलाची केस अर्जदार न बदलता दुसऱ्या वर्गात जाते, त्यालाच जुनी तारीख मिळते. तुमचा अर्जदार मामा आहे. मामाला भाचीसाठी अर्ज करायला कोणताही वर्गच नाही. मग नवा अर्जदार आई ठरते, म्हणून तारीखही नवी.

तसं झालं तर क्रम असा: तुम्ही तिघं जाता आणि ग्रीन कार्ड झाल्या झाल्या आई मुलीसाठी एफ-२बी (ग्रीन कार्डधारकाच्या २१ वरच्या अविवाहित मुलांचा वर्ग) भरते. पहिल्या आठवड्यातच भरा, कारण रांगेतली जागा त्या दिवसापासून. अलीकडच्या बुलेटिनांवरून ही रांग आठ-नऊ वर्षांची आहे आणि तेवढा काळ तिला लग्न करता येत नाही. आई ग्रीन कार्डवर असताना लग्न झालं तर अर्ज रद्दच. मुलगी आत्ता लग्नाच्या वयाची असताना हा पर्याय तिच्यासमोर नीट मांडा, निर्णय तिचा असू द्या.

पारिजात

माझ्या बहिणीचं विचारते. तिच्या नवऱ्याने ग्रीन कार्डवर तिच्यासाठी एफ-२ए भरलाय, मुलगा त्यातच आहे, १९ वर्षांचा. आता नवरा नागरिकत्वाची शपथ घेणार आहे. मग तर सगळं लवकर होईल ना?

एडिसनकर

बहिणीचं होईल. मुलाचं आपोआप होणार नाही. शपथ झाली की तिची केस नागरिकाच्या पत्नीची होते, आणि त्या वर्गात मुलांना आईच्या अर्जाबरोबर जाता येत नाही. मुलासाठी वडिलांनी स्वतंत्र आय-१३० भरायला हवा. तो शपथेच्या आधी भरलेला असेल तर शपथेच्या दिवशीचं वय गोठतं, नंतर भरला तर भरल्याच्या दिवशीचं. १९ व्या वर्षी दोन्ही चालतं, पण "आईच्या फाइलमध्ये आहे" म्हणून वाट बघत बसले आणि त्याला २१ पूर्ण झाली, तर तो एफ-१ च्या (नागरिकाच्या २१ वरच्या अविवाहित मुलांच्या) रांगेत जातो. अर्ज आजच भरायला सांगा.

मुलगा २१ च्या पुढे असता आणि फक्त सीएसपीएच्या वजाबाकीवर एफ-२ए मध्ये टिकला असता, तर शपथेआधी वकील गाठा असंच सांगितलं असतं. त्या प्रश्नावर इमिग्रेशन अपील बोर्ड एका बाजूला, तर नवव्या आणि दुसऱ्या सर्किटची अपील कोर्टं (२०१८ आणि २०२१ चे निकाल) दुसऱ्या बाजूला आहेत. तुम्ही कुठे राहता यावर उत्तर बदलतं.