अंगणातल्या लोखंडी खुर्च्या: जुना रंग किती काढायचा?

पागोळी
रत्नागिरी. एक इंची पाइपच्या चार खुर्च्या, पत्र्याची बैठक, सोबत दोन फुटी गोल टेबल. हिरवा ऑइल पेंट, वय पंधरा वर्षं तरी. बैठकीवर रंग घट्ट आहे, पण पायांशी आणि वेल्डिंगच्या जोडांवर पोपडे आणि गंज. पेंटर म्हणतो, घासून वरून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मारू. दुकानदार म्हणतो, रिमूव्हर लावून सगळं उघडं करा. कोणाचं ऐकू? आणि टेबलावर गाड्यांचा स्प्रे पेंट चालेल का?

ऐरण
अर्धं पेंटरचं. घट्ट धरलेला जुना रंग हा चांगला पाया असतो, तो उगाच काढू नका. खात्री करायची तर ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारा, त्यावर सेलोटेप चोळून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपला चिकटून आले तर तेवढ्या भागाला रिमूव्हर.

घासण्याआधी धुवा. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. समुद्राकाठी गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. ते आत राहिलं की रंगाखाली ओल ओढतं आणि वर्षाच्या आत फोड येतात. आधी सुटे पोपडे पाण्याने भिजवून पट्टीने खरवडा, मग साबणाच्या पाण्याने आणि वायर ब्रशने घासा, शेवटी गोड्या पाण्याने दोनदा खळखळून.

ग्राइंडरला वायर ब्रश लावून काम लवकर होतं, पण तो गंज काढण्याऐवजी त्यालाच पॉलिश करतो. काळपट, तुकतुकीत दिसलं की समजा गंज तिथेच आहे. तिथे 80 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर लहान तेवढा खरखरीत) हाताने मारा. मग जुन्या रंगाची कड 120 आणि 220 ने उतरती करा. डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. घट्ट रंगावर 320 पुरे, फक्त चमक मरायला हवी.

ओलापेपर
वर एक भर, महत्त्वाची. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) करणारा नियम 2016 चा, लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. पंधरा वर्षांच्या हिरव्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. म्हणजे जुना रंग कोरडा घासायचा नाही, ब्लोलॅम्पने (ज्योतीने) जाळायचा तर अजिबात नाही. वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून घासा, खाली प्लास्टिक अंथरा, एन-95 मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. प्लास्टिकवरचा गाळ वाळू न देता पुसून पिशवीत बांधा.

ओल्या घासण्याने उघड्या लोखंडावर तासा-दोन तासांत पिवळट झाक येते. घाबरू नका. उन्हात नीट वाळू द्या, फक्त उघड्या जागी 220 चा कोरडा हात फिरवा (तिथे रंगच उरलेला नसतो), टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. रात्र काढू नका.

सांधेजोड
स्प्रेचं उत्तर: नको. गाड्यांच्या रंगातला थिनर जुन्या ऑइल पेंटमध्ये मुरून तो फुगवतो, मग वरचा थर पापडासारखा सुरकुततो. पटत नसेल तर थिनरचा बोळा टेबलाखाली मिनिटभर दाबून बघा. स्प्रेच हवा असेल तर टेबलाचा जुना रंग पूर्ण काढावा लागेल.

माल किती? खुर्ची साधारण एक चौरस मीटर, टेबल तेवढंच, एकूण पाच. दोन हातांना एनॅमल एक लिटर, उघड्या जागांना रेड ऑक्साइड अर्धा लिटर. पातळ करायला टर्पेंटाइन दहा टक्क्यांच्या वर नको. प्रायमरचा पहिला हात जोडांवर आणि कडांवर वेगळा द्या, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि नेमका तिथेच पातळ राहतो. तुमचे जोड आधी गंजले त्याचं हेच कारण. वेल्डिंगचे दाणे राहिले असतील तर कानशीने काढा.

पायांचे रबरी बूच काढून बघा. पाणी निघालं तर गंज आतून येतोय, बाहेरून कितीही घासा. खुर्ची उलटी-सुलटी करून पाइप रिकामा करा, दोन दिवस उन्हात ठेवा, नवीन बुचाला भोक पाडा. स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर पाइप दबला तर आधी वेल्डर, मग पेंटर.

पागोळी
धन्यवाद. रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळा थर करणारं रसायन) लावला तर खरवडणं वाचेल का?

ऐरण
नाही. सुटा गंज त्याने धरत नाही, फक्त पोपडा काळा होतो आणि रंगासकट निघतो. पेपर पोचत नाही अशा खड्ड्यांपुरता लहान ब्रशने लावा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा. रंगकाम दिवाळीनंतर काढा, सकाळी दहानंतर सुरू करून चारला थांबवा. संध्याकाळचं दव ताज्या एनॅमलवर बसलं की चमक जाते.