जुना संगणक अजून चालू का ठेवला आहे? : सीमाभागातील अनुभव

पत्रिकावाला, शहापूर (बेळगाव)

विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या, तेव्हा पुतण्याने दुकानातील संगणकांची यादी करायला घेतली आणि कोपऱ्यातील विंडोज एक्सपीच्या यंत्रापाशी येऊन थबकला. “काका, याचा आधार तर २०१४ च्या एप्रिलमध्येच संपलाय, हा अजून कशाला ठेवलाय?” त्याच्या प्रश्नाने ऐन लग्नसराईत रात्री-रात्री जागून पत्रिका लावण्याचे दिवस आठवले, म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्या भागातील पत्रिका म्हणजे एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, हे येथील वाचकांना सांगायला नको. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही मराठी फॉन्टच्या प्रणालींची नावे त्या काळी प्रत्येक डीटीपीवाल्याच्या तोंडी असत, कन्नडसाठी नुडी किंवा बरह असे, आणि सगळी जुळणी पेजमेकर या पाने लावण्याच्या प्रणालीत होई. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, कळत नाही. त्या फाइलींत ‘क’ हे अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले ‘क’ चे चित्र तेवढे असते. त्यामुळे ती फाइल नव्या संगणकावर उघडली की मजकुराच्या जागी निव्वळ गिचमिड दिसते.

रूपांतर करणारी साधने मिळतात आणि मी ती वापरूनही पाहिली आहेत. मात्र प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर जो श्लोक असतो, त्यातील ‘निर्विघ्नं’ या शब्दावरच त्यातली बहुतेक अडखळतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकित होतो, कारण कागदावर डावीकडून उजवीकडे तसेच दिसते. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराच्या क्रमाने आधी र्, मग व आणि शेवटी वेलांटी येते. ‘र्वि’ मध्ये दोन्ही चिन्हांना एकाच वेळी आपापली जागा बदलावी लागते आणि तेथे साध्या अदलाबदलीचे गणित कोसळते. कन्नडमधील अर्कावत्तूचे, म्हणजे तिकडच्या रफाराचेही तेच होते. श्लोक हाताने दुरुस्त करता येईल, पण खाली आजोबा-पणजोबांपासून मामा-मावशांपर्यंत जी नावे असतात, त्यातील ‘कीर्तिकर’ चुकला तर लग्नघर दुकानात येऊन उभे राहते.

म्हणून एक्सपी आहे. जुन्या पत्रिका, देवस्थानांच्या पावत्या, मंडळांच्या स्मरणिका असे सगळे तेथेच उघडते. छपाईपुरती पीडीएफ काढून ठेवता येते आणि तीत फॉन्ट बसवलेले असल्याने ती कुठेही उमटते. परंतु तारीख बदलून तीच पत्रिका धाकट्या मुलीच्या लग्नाला हवी असली, तर पुन्हा त्या कोपऱ्यातच बसावे लागते. आपल्याकडे असे यंत्र चालू असेल, तर ते नेमके कशासाठी ठेवले आहे हे कृपया लिहावे.

उद्यमबागकर

आमच्याकडे तर विंडोज ९८ आहे आणि तोही सीएनसी लेथच्या, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथच्या शेजारी. लेथच्या कंट्रोलरची स्मृती इतकी तुटपुंजी आहे की मोठा प्रोग्रॅम त्यात मावत नाही, म्हणून संगणकाने तो आरएस-२३२ च्या (जुन्या सीरियल पोर्टच्या) केबलवरून घास-घास भरवत राहावे लागते. भरवणारी प्रणाली डॉसची आहे. लेथ अजून मायक्रॉनमध्ये काम देतो, तेव्हा केवळ शेजारचा संगणक म्हातारा झाला म्हणून लाखो रुपयांचे यंत्र कोण भंगारात काढेल?

लॅपटॉपला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लावून पाहिला होता. छोटे प्रोग्रॅम गेले. पण मोठ्या प्रोग्रॅममध्ये ‘थांब’ आणि ‘पाठव’ हे संकेत वेळेवर पोहोचले नाहीत आणि अर्ध्या कटावर जॉब थांबला. पुढे वेगळ्या चिपचा कन्व्हर्टर घेतल्यावर ते बरेचसे सुधारले, तरी मिस्त्रींचा विश्वास बसलेला नाही. मी संगणकाजवळ गेलो की ते लांबूनच ओरडतात, “चालालंय की ते, कशाला हात लावालास?”

त्याची बटण-बॅटरी संपली आहे, त्यामुळे दर सकाळी तारीख मागे जाते आणि एफ-१ दाबल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. सीआर २०३२ कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते हे मला ठाऊक आहे. परंतु पेटी उघडली की आत साचलेली फाउंड्रीची काळी धूळ हलणार, आणि त्यात लोखंडाचा अंश असतो, म्हणून तेवढे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

जमाखर्च

मी एका सौहार्द सहकारी संस्थेत काम करते. आमची पिग्मीची जुनी खाती फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या जुन्या प्रणालीच्या डॉस आवृत्तीत आहेत. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तिच्यावरून आमच्या संचालकांच्या बैठकीत बराच वाद झाला होता. अशा १६ बिटच्या प्रणाली ६४ बिटच्या विंडोजवर मुळीच चालत नाहीत, मग संगणक कितीही भारी घ्या. ३२ बिटच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी खास सोय ठेवलेली होती आणि ती विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीपर्यंत मिळत राहिली. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघालेली नाही. त्यामुळे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्यासारख्यांचा शेवटचा सरळ रस्ता बंद झाला. नुसता संगणक जुना झाला एवढेच ते नव्हे.

सुदैवाने विदा अडकलेली नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. आम्ही सगळी खाती तशी उघडून ताळा जुळवून घेतला आणि नव्या प्रणालीत नेली. जुनी केवळ लेखापरीक्षणात कोणी मागचे पान मागितले तर पाहण्यासाठी ठेवली आहे.

पत्रिकावाले काका, तुम्हाला नवल वाटेल अशी एक गोष्ट सांगते. आमची सर्वांत जुनी मराठी नावे सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या (संगणकात बसवायच्या भारतीय लिप्यांच्या कार्डाच्या) काळातील, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की संकेतातील आहेत, आणि तीच सर्वांत विनासायास युनिकोडमध्ये आली. इस्कीमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली आहे. त्यानंतरच्या काळात फॉन्टमध्ये टंकित केलेली पत्रे मात्र तुमच्या ‘निर्विघ्नं’ सारखी विघ्ने आणत राहिली.

पत्रिकावाला, शहापूर (बेळगाव)

ताई, हे खरोखरच ठाऊक नव्हते. म्हणजे विंडोज आले, कागदावरचे अक्षर देखणे झाले आणि आतले बिघडले!

वडगावकर

एम्ब्रॉयडरीच्या यंत्राला फ्लॉपीच लागते. साड्यांच्या काठाची नक्षी १.४४ एमबीत सहज मावते, पण कोऱ्या फ्लॉपी आता कोठे मिळणार? ज्यांची अशीच अडचण असेल त्यांनी फ्लॉपी एम्युलेटर बसवून घ्यावा. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी तेवढ्याच मापाची पेटी बसते, तिला पेनड्राइव्ह लागतो आणि यंत्राला आपण फ्लॉपीच वाचतो आहोत असे वाटत राहते. वीज जाते तेव्हा सर्वच यंत्रांना सारखा न्याय मिळतो, तो विषय निराळा.

निपाणीचा आडत्या

तंबाखूच्या हिशेबाच्या पट्ट्या अजून डॉट मॅट्रिक्सवरच निघतात, कारण कार्बनच्या तिन्ही प्रतींवर एकाच ठोक्यात उमटवणे इंकजेटला जमत नाही. १५ जुलै २०१० रोजी रुपयाचे नवे चिन्ह मंजूर झाले तेव्हा मुलाने हौसेने ते बिलावर घालायचे ठरवले. एक्सपीवर चौकोन दिसला. पुढे विंडोज ७ वर सुधारणा आली आणि पडद्यावर चिन्ह दिसू लागले, तरी कागदावर उमटेना, कारण मजकूर-पद्धतीने छापताना प्रिंटर स्वतःच्या पोटातील अक्षरे वापरतो आणि त्याचा जन्म त्या चिन्हाच्या आधीचा आहे. आमचे ‘रु.’ कायम आहे.

एक्सपीवर युनिकोड मराठी नीट दिसावे म्हणून प्रादेशिक भाषांच्या पर्यायात जाऊन खूण करावी लागे आणि मग तो मूळ सीडी मागे, हे कोणाला आठवते का? आमची सीडी शेजारच्या मेडिकलवाल्याकडे असे आणि मेडिकलवाल्याची कोणाकडे असे हे देव जाणे.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि एक्सपीचा इंटरनेटशी संबंध संपला. त्यातील जुन्या एक्सप्लोररला नवी सुरक्षित संकेतस्थळे उघडताच येत नव्हती.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. देणगीदारांनी दिलेल्या संगणकांवर ३२ बिटचे विंडोज ७ होते आणि ते सुरू होईपर्यंत मुलांचा पाढा म्हणून होई. त्याच्या सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यावर चालणारी शेवटची ठरली आणि नंतर अनेक पाने “ब्राउझर अद्ययावत करा” एवढेच सांगून थांबू लागली.

गावातील एका मुलाने तपासून सांगितले की विंडोज ३२ बिटचे असले तरी आतला कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४ बिटचा आहे. हा भेद मला नवा होता, आणि आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहीत आहे. कारण लिनक्सच्या प्रमुख आवृत्त्यांनीही आता ३२ बिटची साथ सोडली आहे, अगदी २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेसुद्धा त्यासाठीचा इन्स्टॉलर दिलेला नाही. आम्ही स्मृती थोडी वाढवून लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घातली. मुले इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहितात, आणि त्याच कळांवर ‘क’ च्या जागी कन्नडचाही ‘क’ येतो हे त्यांचे त्यांनाच सापडले. आता टंकनाच्या तासाला भाषा बदलून एकमेकांची नावे लिहिण्याचा खेळ चालतो. मात्र कार्यालयातील प्रिंटरला लिनक्सचा ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणून तेवढे एक यंत्र विंडोजवरच ठेवावे लागले.

दुरुस्तीवाला, खडेबाजार

सर्वांचे अनुभव वाचले आणि आदर ठेवूनच थोडा विरोध नोंदवतो. यंत्र जुने असण्याला माझी हरकत नाही, जुन्या यंत्राला इंटरनेट जोडण्याला आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा विषाणू पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी आधार संपलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती दिली होती. असे पुन्हा होईल या भरवशावर कोणी राहू नये. जमाखर्च ताईंनी जुनी खाती केवळ पाहण्यासाठी वेगळी ठेवली, ते योग्यच केले. उद्यमबागकरांचे यंत्र लेथशिवाय कशालाही जोडलेले नाही, त्याची मला चिंता नाही. चिंता त्याच्या हार्ड डिस्कची आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जुन्या यंत्रांत विंडोज शेवटपर्यंत ठणठणीत असते आणि मरते ती डिस्क किंवा एसएमपीएस, म्हणजे आतली वीजपुरवठ्याची पेटी. म्हणून हात लावायचा नसेल तर लावू नका, पण डिस्कची हुबेहूब प्रत आजच काढून घ्या. एक्सपी किंवा विंडोज ७ असेल तर ‘डिस्क टू व्हीएचडी’ या साधनाने (एक्सपीवर त्याच्या जुन्या आवृत्तीने) चालू यंत्राची प्रतिमा काढता येते आणि ती नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीत, उघडता येते. आभासी यंत्रात गेल्यावर एक्सपीला सगळे हार्डवेअर बदललेले दिसते आणि तो पुन्हा सक्रियीकरण मागू शकतो, त्याची तयारी ठेवावी. विंडोज ९८ ला ही युक्ती चालत नाही. तेथे डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडूनच प्रत घ्यावी लागते, म्हणजे मिस्त्रींची परवानगी आली.

पत्रिकावाले काका, तुमचा एक्सपी इंटरनेटला नसेलही, पण गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह त्याला लागतात ना? आमच्याकडे येणारे निम्मे विषाणू तेथूनच येतात.

पत्रिकावाला, शहापूर (बेळगाव)

गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आम्ही नव्या यंत्रालाच लावतो. तेथे तपासणी झाल्यावर फोटो आणि मजकूर दुकानाच्या स्वतंत्र पेनड्राइव्हवरून कोपऱ्यात जातो आणि त्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधलेला आहे. आभासी यंत्राचा विचार मी केला होता, पण फॉन्टच्या परवान्याचा लॉक, म्हणजे तो असल्याशिवाय फॉन्ट चालत नाही असे छोटे उपकरण, २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) लागतो. त्याचे काय करावे?

दुरुस्तीवाला, खडेबाजार

तेथेच घोडे अडते. यूएसबीचा लॉक आभासी यंत्राला देता येतो, पॅरलल पोर्टचा देणे बहुधा जमत नाही. बाजारातील यूएसबी-पॅरलल केबलही घेऊ नका. ती केवळ प्रिंटरसाठी असते आणि लॉक थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलू पाहतो. त्यापेक्षा तसाच पॅरलल पोर्ट असलेला दुसरा जुना मदरबोर्ड बाजूला घेऊन ठेवा. भंगारात जाणाऱ्या कार्यालयीन संगणकांत तो अजून सापडतो.

उद्यमबागकर

काका, आमच्या स्टोअरमध्ये पॅरलल पोर्ट असलेले दोन जुने संगणक पडून आहेत. एकाचा एसएमपीएस गेला आहे, दुसरा सुरू होतो. चालतो तो तुम्ही घेऊन जा. फक्त त्यातील आयडीई केबल (जुन्या डिस्कची चपटी केबल) आणि हार्ड डिस्क माझ्यासाठी काढून ठेवा, कारण दुरुस्तीवाल्यांचे ऐकून प्रत काढायचे ठरवले आहे. मिस्त्री रविवारी गावी जातात. त्या दिवशी खडेबाजार उघडा असेल का, एवढे कोणीतरी सांगावे.

दुरुस्तीवाला, खडेबाजार

रविवारी दुकान बंद असते, पण उद्यमबागेत मीच येऊन जाईन. येताना ब्लोअर आणि बटण-बॅटरी दोन्ही आणतो. ब्लोअर चालवण्याआधी प्रत काढून घेऊ.