लग्नात बायकांचा 'आक्रोश'? अल्युलेशनला मराठीत काय म्हणायचं?

सबटायटलवाली: बंगाली लग्नावरच्या एका माहितीपटाची मराठी सबटायटलं तपासतेय. नवरी मंडपात येते, शंख वाजतो, बायका जीभ हलवत उंच, लांब आवाज काढतात आणि इंग्रजी फायलीत त्याला येतं 'अल्युलेशन'. आधीच्या माणसानं कोश उघडून ठोकून दिलंय: 'स्त्रियांचा आक्रोश'. पडद्यावर मावश्या खिदळतायत आणि खाली आक्रोश! हा शब्द रडण्याचा की आनंदाचा? जागा जेमतेम वीस अक्षरांची आहे.

घुबडपंथी: कोशवाला अगदीच चुकलेला नाही. लॅटिनमध्ये 'उलुलारे' म्हणजे कुत्र्या-लांडग्यासारखं भेसूर ओरडणं, आणि 'उलुला' म्हणजे घुबड. आपला 'उलूक'ही तसाच, पाखराच्या आवाजावरून पडलेलं नाव. रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनिड' महाकाव्याच्या चौथ्या सर्गात डायडो राणी मरते तेव्हा बायका हाच आवाज काढतात. पण ग्रीकांकडे बघा: देवाला बळी देताना बायका जी किंकाळी फोडत ती 'ओलोलुगे'. म्हणजे आवाज एकच, प्रसंग वेगळे.

कोलकात्याची सून: मी मूळची नाशिकची. इकडे या आवाजाला 'उलू' म्हणतात. माझ्या लग्नात सासूबाई म्हणाल्या, तूही उलू दे. मी जोर लावला आणि निघाली कोल्हेकुई, मग ठसका. सगळी खुबी जिभेत आहे हो! तोंड अर्धवट उघडायचं, जीभ डावी-उजवी भराभर हलवायची, सूर उंच आणि श्वास एकच. ओडिशात हीच हुळहुळी, आसामात उरुली. माझी अजून दुसऱ्या सेकंदाला तुटते.

सबटायटलवाली: मग 'बोंब' चालेल का? वीस अक्षरांत ऐसपैस बसते.

घुबडपंथी: नवरीच्या मागे बोंब? शिव्या खाल. शिमग्याला उलटा हात तोंडावर मारून ठोकतात ती बोंब, इथे हाताचं काम नाही. शिवाय मराठीत बोंब म्हटली की काहीतरी बिनसलेलंच. त्यापेक्षा जुना शब्द घ्या. छांदोग्य उपनिषदात (३.१९) सूर्य जन्मतो तेव्हा 'उलूलु' असे घोष उठतात. बंगालीतही 'उलुध्वनी'च म्हणतात. तोच ठेवा, शंख शेजारी वाजतोय म्हटल्यावर प्रेक्षकाला कळेल.

सबटायटलवाली: 'उलुध्वनी, शंखनाद' टाकलं, बसलं. आता पाचव्या भागात अंत्ययात्रा आहे आणि फायलीत तिथंही तोच इंग्रजी शब्द दिसतोय. तिथं मात्र बायका खरंच हंबरडा फोडतायत, तसंच लिहिते.